आधी कान, मग डोळे, मग डोकं

बाजारात जायच्या आधी पोटभर खाऊन घ्यायचं, हा आमच्या घरमालकांचा कॉम्प्युटर जुळवण्यातला पहिला नियम होता. "रिकाम्या पोटी गेलेला माणूस प्रोसेसर घेऊन परत येतो," असं ते म्हणायचे आणि शांतपणे दुसरी इडली सांबारात बुडवायचे. यात चेष्टा किती आणि शास्त्र किती, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतरही कधी नीटसं कळलं नाही, पण त्यांच्या नियमाने चाललेल्या माणसाचं कधी बिघडल्याचं मी पाहिलं नाही.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. बसवनगुडीत त्यांचं घर होतं. खाली ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, आणि वरच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही साताऱ्याहून बंगळूरला आलो होतो आणि मराठी घरमालक मिळाले म्हणून हुरळून गेलो होतो. अण्णांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी घरात जपलेली होती, पण एवढी वर्षं तीही इथलंच पाणी प्यायली होती. "मी खोली झाडून ठेवलो आहे, स्वल्प थांबा, किल्ली आणतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी म्हटल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. महिन्याभरात मीही 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणायला लागले.

अण्णा सरकारी टेलिफोन कारखान्यात इंजिनिअर होते. तिथं तयार झालेल्या फोनमधून आवाज कसा येतो हे तपासायचं त्यांचं काम. उभा जन्म रिसीव्हर कानाला लावून काढलेला, त्यामुळे त्यांचा सगळ्या जगावरचा विश्वास कानातून जायचा. भाजीवाली खरं बोलते की नाही, पंख्याचं बेअरिंग कधी जाणार, वरच्या मजल्यावर नवरा-बायकोचं बिनसलंय का, हे सगळं ते ऐकून सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांना कॉम्प्युटरचा नाद लागला. ओळखीपाळखीच्यांना सुटे भाग निवडून द्यायचे, जुळवून द्यायचे आणि मोबदला म्हणून त्या घरी एकदा जेवायचं. कॉम्प्युटर हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ते त्याला डबा म्हणत. त्यांचा स्वतःचा डबा दिवाणखान्यात चौरंगावर उघडा पडलेला असे, आतल्या वायरी, पंखा, सगळं जगजाहीर. वर अक्कांच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. "पोट झाकलं की आजार कळत नाही," हे त्याचं स्पष्टीकरण.

आम्हाला हवा होता करमणुकीचा डबा. टीव्ही वेगळा, टेपरेकॉर्डर वेगळा, सिनेमाच्या सीडी लावायचं यंत्र वेगळं, एवढी आमची ऐपत नव्हती आणि खोलीत जागाही नव्हती. एकाच डब्यात तिन्ही बसवता येतं असं नवऱ्याने मासिकांत वाचलं होतं. त्याने एक यादी केली, सगळ्यात वर सगळ्यात वेगवान प्रोसेसर लिहिला आणि अण्णांपुढे धरली. अण्णांनी यादी शेवटपर्यंत वाचली, तिच्या घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. स्टूल हलायचं थांबलं.

"आता कामाची झाली," ते म्हणाले. "चला, खोली दाखव."

खोली त्यांचीच होती, तरी ते पाहुण्यासारखे आले. दाराबाहेर चपला काढल्या, सतरंजीवर बसले, मग खाटेवर, मग आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर. प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ डोळे मिटून बसायचं. मग प्रश्न सुरू झाले.

"कुठं बसून बघणार, इंजिनिअर? पाय कुठं सोडणार? आणि पुट्टी, तू स्वयंपाक करताना तुला ऐकू यायला पाहिजे, का नको?"

इंजिनिअर म्हणजे माझा नवरा, आणि पुट्टी म्हणजे मी. लहान मुलीला कन्नडमध्ये लाडाने म्हणतात तसं. या डब्याबद्दल मला कुणी काही विचारावं हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी म्हटलं, हो, मला गाणी ऐकू यायला हवीत. मग अण्णांनी मला कुकर लावायला सांगितला. शिट्टी होईपर्यंत ते खाटेवर डोळे मिटून बसले होते. शिट्टी झाली तसे उठले आणि निकाल दिला.

"आधी कान, मग डोळे, मग डोकं."

म्हणजे जवळच्या पैशांतून आधी चांगले स्पीकर घ्यायचे, मग मॉनिटर, आणि उरलेल्यात जो बसेल तो प्रोसेसर. नवऱ्याचा चेहरा पडला. दुकानदारसुद्धा उलट सांगतात, असं त्याने पुटपुटून बघितलं.

"दुकानदार डोकं विकतो, कारण त्यात नफा आहे," अण्णा म्हणाले. "सिनेमा बघायला डोकं किती लागतं? सांग तू मला."

मग एस. पी. रोडच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या अरुंद रस्त्यावर हारीने इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, आणि प्रत्येक दुकानदाराशी अण्णा त्याच्या भाषेत बोलायचे. कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी, सगळं सारख्याच ऐटीत. पॉवर सप्लायचा खोका घ्यायचा तर आपण नारळ घेतो तसा हातात घेऊन आधी वजन बघायचं, मग कानाशी धरून हलवायचं. "हलका आहे. याच्या पोटात काही नाही," म्हणून परत ठेवायचं. हार्ड डिस्कला पेचकसाचं टोक टेकवून दांडा कानाला लावायचा, डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. मॉनिटरवर नुसता पांढरा पडदा लावून कोपरे बघायचे. कोपऱ्यात जरा जांभळी झाक दिसली की, "हा आजारी आहे, झोपू दे याला."

एकदा त्यांनी एका दुकानातला मदरबोर्ड आणि दुसऱ्या दुकानातलं टीव्हीचं कार्ड बाजूबाजूला ठेवलं, नुसतं बघितलं आणि म्हणाले, "हे दोघं एका घरात नांदणार नाहीत." दुकानदार हसला. दोन्ही वस्तू नव्या कोऱ्या, चांगल्या कंपनीच्या. त्याने कॉफीची पैज लावली आणि दोन्ही जोडून दाखवली. टीव्ही लागला, बातम्या सुरू झाल्या, आणि निवेदिका तोंड उघडं ठेवून तशीच थिजली. बटण दाबून काही होईना. दुकानदाराने निमूटपणे कॉफी मागवली. मी अण्णांना विचारलं, तुम्हाला कळलं कसं?

"लग्न जमवतो तसंच ग. बाजारात सगळे शहाणे असतात. घरी आणल्यावर कोण कुणाशी बोलत नाही ते कळतं. मी पुष्कळ घरं बघितलो आहे, म्हणून आधी कळतं."

मला त्या माणसाची भीती वाटावी इतका आदर वाटायला लागला होता. नवरासुद्धा आता त्यांच्यामागून पिशवी धरून चालायचा.

सीडी ड्राइव्हच्या वेळी मात्र मला पहिल्यांदा अण्णा समजेनासे झाले. पिशवीच्या तळातून त्यांनी धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली एक तबकडी काढली. तिच्यावर नाव नव्हतं, गाव नव्हतं. खालची बाजू अशी खरवडलेली की चेहराही दिसू नये. दुकानदारांना ती तबकडी ठाऊक होती. तिला बघून ते आपापली कामं आवरायला घ्यायचे, कारण आता अण्णा लवकर उठणार नाहीत. अण्णा ती एकेका ड्राइव्हमध्ये घालायचे आणि कान लावून बसायचे. ड्राइव्ह घुमायचा, कुरकुरायचा आणि गप्प व्हायचा. पडद्यावर काही येत नसे. अण्णा तबकडी काढायचे, पुसायचे आणि दुसऱ्यात घालायचे.

"कोणताच वाचत नाही, मग निवडायचा कसा?" मी विचारलं.

"जो लगेच नाही म्हणतो तो नको. जो सगळ्यात जास्त वेळ प्रयत्न करतो तो घ्यायचा."

त्या दिवशी एस. पी. रोडवरचा एकही ड्राइव्ह त्यांना पसंत पडला नाही. सगळे नवे, सगळे वेगवान, आणि सगळे पटकन हात वर करणारे. "पळणारा घोडा खड्डे बघत नाही," असं म्हणून अण्णांनी तबकडी पुन्हा रुमालात गुंडाळली. बसमध्ये पिशवी त्यांनी नवऱ्याकडे दिली नाही, स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

त्या तबकडीचं कोडं मला अक्कांनी उलगडून सांगितलं. पण आधी अक्कांबद्दल सांगायला हवं.

अक्कांचा आवाज एकेकाळी गल्लीत प्रसिद्ध होता. स्वयंपाकघरातून त्यांनी "हूवा!" अशी हाक मारली की कोपऱ्यावरची फुलवाली टोपली उचलून निघायची. मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात त्यांचं गाणं दर वर्षी ठरलेलं, आणि माईकची व्यवस्था दर वर्षी अण्णांकडे. आम्ही राहायला यायच्या थोडं आधी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबूज, तीही जवळ बसलं तर ऐकू येणारी. अण्णांना बोलवायचं तर त्या पळीने तांब्यावर ठोकायच्या. अण्णा कुठेही असले तरी त्या ठोक्याला ओ द्यायचे.

मी त्यांच्याजवळ शेंगा सोलत बसले होते. मी तबकडीचं विचारलं तेव्हा अक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"त्यात मी आहे," त्या कुजबुजल्या. "माझं गाणं."

आवाज जायच्या आधीच्या शेवटच्या गणेशोत्सवात एका नातेवाइकाने व्हिडिओ कॅमेऱ्यावर त्यांचं गाणं घेतलं होतं. अण्णांनी ते हौसेने तबकडीवर उतरवून आणलं. कॅसेट नातेवाइकाला परत गेली, आणि त्याने तिच्यावर क्रिकेटची मॅच घेतली. तबकडीवर अण्णांनी नाव लिहिलं नाही. कागद चिकटवला की तबकडीचा तोल जातो, ती लंगडत फिरते, असं त्यांचं ठाम मत. घरात अशा बिननावाच्या तबकड्यांचा ढीग, त्यातल्या अर्ध्या बिघडलेल्या. अक्का ताक घुसळत तेव्हा शिंतोडे उडायचे. त्यांनी ढिगातली एक उचलली, मधल्या भोकातून रवीचा दांडा घातला आणि भांड्यावर झाकण केलं. झकास बसलं. रोज ताक झालं की काथ्याने घासायचं, गोल गोल, भांडी घासतात तसं.

"आडवा ओरखडा चालतो म्हणे," अक्का म्हणाल्या. "गोल चालत नाही. मला काय माहीत ग?"

ऑपरेशननंतर घरी आल्यावर अण्णांना तबकडीची आठवण झाली. शोधशोध करून ती सापडली ती रवीच्या दांड्यावर.

"भांडला असाल," मी म्हटलं.

"कुणाच्या आवाजात भांडू?" अक्का म्हणाल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, "ते म्हणतात, चूक माझी, मी नाव लिहिलो नाही. मी म्हणते, माझी. त्यावर अजून निकाल लागला नाही. म्हणून ते प्रत्येकाच्या डब्याच्या निमित्ताने जातात. मी म्हणते, कशाला? मी इथं आहे ना, जिवंत? तर म्हणतात, तू आहेस, सरी. पण मला ऐकायचं आहे."

मी शेंगा सोलत राहिले. मला रडू येत होतं आणि ते अक्कांना दिसू नये असं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी अण्णा आम्हाला बंगळूरातल्याच शिवाजीनगरला घेऊन गेले. तिथं जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीच्या एका गाळ्यात, रेडिओ आणि मिक्सरच्या ढिगाखालून, मालकाने एक सीडी ड्राइव्ह काढून दिला. मूळचा पांढरा, आता पिवळा पडलेला, वेगाने इतका मंद की नवे ड्राइव्ह त्याला आजोबा म्हणाले असते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

अण्णांनी तबकडी घातली. ड्राइव्ह घुमला. कुरकुरला. क्षणभर थांबला तेव्हा मला वाटलं, झालं. पण तो पुन्हा घुमायला लागला. पुन्हा थांबला, पुन्हा घुमला. अण्णा कान लावून ओणवे झाले होते. गाळ्याचा मालक हसायला लागला. "अंकल, ये तो तुमारे जैसाच है. छोडताइच नै!" आणि तेवढ्यात करंट गेला. सगळा बाजार अंधारला, ड्राइव्ह हळूहळू शांत झाला. करंट यायची वाट बघू, असं मी म्हटलं, पण अण्णा म्हणाले, नको. "हाच घ्यायचा. हा अजून नाही म्हणाला नाही."

रविवारी सकाळी वरच्या खोलीत डबा जुळवला. अक्का जिना चढून आल्या, हळदकुंकवाचं ताट घेऊन. अण्णा म्हणाले, "बाहेरून लाव ग, आत नको." अक्कांनी डब्याला कुंकू लावलं, ड्राइव्हलाही वेगळं बोट टेकवलं. स्पीकर खाटेच्या बाजूला, अण्णांनी डोळे मिटून ठरवलेल्या जागी उभे होते. पहिली तबकडी कुठली लावायची हे कुणी विचारलं नाही. अण्णांनी रुमाल सोडला.

ड्राइव्ह घुमला. कुरकुरला. थांबला. पुन्हा घुमला. नवऱ्याने माऊस हातात धरला होता, तो म्हणाला, "अण्णा, काढू का?" अण्णांनी नुसता हात वर केला. खाली फुलवालीची हाक, रस्त्यावरच्या रिक्षा, सगळं ऐकू येत होतं. अक्का उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, ताट हातातच होतं.

पडदा काळा झाला. मग चौकोन चौकोन, हिरवे, गुलाबी. मग एकदम एक मंडप. हिरव्या साडीतल्या अक्का, अंगाने भरलेल्या, नाकात नथ, माईकपुढे उभ्या. आणि चित्राच्या कडेला वायरीशी झटापट करणारे, कमरेत वाकलेले अर्धे अण्णा. अक्कांनी मान वळवली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"अहो, ती वायर सोडा आधी! मागं ऐकू येतंय का?"

आणि चित्र थिजलं. चौकोन पसरले. आवाजाची घरघर झाली आणि सगळं थांबलं.

नवऱ्याने पुन्हा लावलं. पुन्हा तेवढंच. "अहो, ती वायर सोडा आधी! मागं ऐकू येतंय का?" गाणं त्याच्यापुढे होतं, आणि पुढची वाट काथ्याने पुसली होती. बऱ्याचदा प्रयत्न केला. त्या म्हाताऱ्या ड्राइव्हने जेवढं वाचता येईल तेवढं प्रत्येक वेळी इमानाने वाचलं, त्यापुढे त्याचाही इलाज नव्हता.

मला वाटलं, अण्णा खचतील. इतके दिवस शोधलेलं गाणं, आणि हाती आलं काय, तर गाण्याच्या आधीची झापाझापी. मी त्यांच्याकडे बघायला भीत होते. अण्णा सतरंजीवर बसले होते, मांडी घालून, पहिल्या दिवशी जिथं बसून बघितलं होतं तिथंच. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"येतंय," ते म्हणाले. "येतंय ग."

अक्का त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्या काय कुजबुजल्या ते मला ऐकू आलं, कारण खोलीत दुसरा आवाजच नव्हता. "बघा. तेव्हापण वायरच. माझ्याकडे बघत नव्हता."

ड्राइव्ह आम्ही अण्णांना देऊ केला. त्यांनी घेतला नाही. तुमच्या डब्याची पूजा झाली आहे, त्याचा भाग काढायचा नसतो, म्हणाले. फक्त तो तुकडा आमच्या डब्यातून उतरवून घेतला आणि स्वतःच्या उघड्या डब्यात नेऊन ठेवला. तिथं त्यांनी काय केलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. डबा सुरू होताना कंपनीने दिलेला तो गोड टणत्कार होतो ना, तो त्यांनी काढून टाकला होता.

मी चहा गाळत होते. खालून, दिवाणखान्यातून, सगळ्या घरादारावरून जाणारा आवाज आला. "अहो, ती वायर सोडा आधी! मागं ऐकू येतंय का?"

"येतंय ग, येतंय!" न्हाणीघरातून अण्णा ओरडले. डबा लावून ते अंघोळीला गेले होते.

मी खिडकीपाशी गेले. कोपऱ्यावरची फुलवाली टोपली सोडून उभी राहिली होती. ज्या आवाजाची हाक ऐकून ती वर्षानुवर्षं या दाराशी आली होती, तो आवाज पुन्हा आला होता, आणि कुठून, कसा, हे विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गल्लीच्या त्या टोकावरून जीव खाऊन उत्तर दिलं.

"केळिस्तिदे अक्का! केळिस्तिदे!" ऐकू येतंय अक्का, ऐकू येतंय.

खाली स्वयंपाकघरात पळी तांब्यावर वाजायला लागली, ती बराच वेळ थांबली नाही.